पाळण्याच्या मोटरीला ताप आला तेव्हा

मित्रांनो, जवळ या, पण हात लावण्याआधी जरा विचारा. मी एक जुनी मोटर आहे आणि जुन्या माणसांसारखीच काळजीखोर आहे. जत्रेत तुम्ही आकाशपाळण्यात बसता, वर गेल्यावर किंचाळता, खाली आल्यावर आईकडे आणखी एक फेरी मागता. तेव्हा तुमचं सगळं लक्ष आभाळाकडे असतं. पाळण्याच्या पायाशी, पत्र्याच्या छपराखाली, करड्या रंगाची, पोटाने गोल अशी एक बाई फळीवर बसलेली असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. ती मी. तुम्ही वर मजेत असता आणि खाली माझा जीव टांगणीला लागलेला असतो. एवढी माणसं वर, आणि त्यांना फिरवणारी मी एकटी. मग काळजी करू नको तर काय करू?

माझा जन्म नगरच्या एका कारखान्यात झाला. आधी बिडाचं अंग ओतलं, मग तांब्याच्या तारेचे वेढे पोटात बसवले आणि शेपटीकडे एक पंखा लावला. हा पंखा माझ्याच कण्यावर बसवलेला आहे. मी फिरले की तोही फिरतो आणि माझ्या अंगावरून वारा सोडतो. मी जोरात, तर तो जोरात. मी हळू, तर तोही हळू. कामाची सगळी गरमी त्या वाऱ्याने निघून जाते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण ती मोठमोठ्यांच्याही लक्षात राहिली नाही.

सुरुवातीची वर्षं मी एका तेलगिरणीत काढली. सकाळी बटण दाबलं की पूर्ण वेगाने धावायचं आणि संध्याकाळी थांबायचं, एवढंच ठाऊक. गिरणीचे मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "हिने आजवर एक खाडा केलेला नाही." मला फार बरं वाटायचं. पुढे गिरणी बंद पडली आणि मी आवारातल्या बाभळीखाली जाऊन पडले. पंख्याच्या जाळीत गांधीलमाश्यांनी घर केलं. कुणी विचारीना, कुणी पुशीना. मग एके दिवशी रंभाजी नावाचा एक हसरा माणूस आला. त्याने माश्यांना धूर दिला, माझा कणा हाताने फिरवून पाहिला आणि म्हणाला, "चाल गं बाई, तुला जत्रा दाखवतो."

रंभाजींचा पाळणा बारा बैठकांचा. गावोगावच्या जत्रांत तो उभा राहायचा. पट्ट्याने मी चाक फिरवायची. रंभाजी गेल्यावर त्यांच्या बायकोने, भागिरथीबाईंनी, धंदा मोडला नाही. पदर खोचून त्या स्वतः ब्रेकच्या दांड्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांची एकुलती एक मुलगी भारती. तिचा नवरा सचिन घरजावई म्हणून आला आणि बटणापाशी उभा राहिला. "जावई बटणावर आणि सासू ब्रेकवर," असं लोक चिडवायचे. सचिन ते हसण्यावारी न्यायचा. पोरगा मनाने चांगला, फक्त कुणी ओरडलं की हातपाय गाळायचा.

एक खोड मात्र माझ्यात होती. बटण दाबलं की मी एकदम झेप घ्यायची आणि बैठकांना हिसका बसायचा. म्हाताऱ्या बायका "अगं आई गं" करायच्या. म्हणून भागिरथीबाईंनी श्रीरामपूरच्या क्रिस्टीनाला बोलावलं. ही आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग शिकवते. तिने माझं वाइंडिंग, म्हणजे पोटातले तारेचे वेढे, नवं करून घेतलं आणि माझ्या नि विजेच्या मध्ये ड्राइव्ह नावाचा एक डबा बसवला. त्या डब्याचं बटण थोडं फिरवलं की मी हळू, जास्त फिरवलं की जोरात. हिसका गेला, चाक अलगद उचललं जाऊ लागलं. शिवाय तिने माझ्या तांब्याच्या वेढ्यांत मिऱ्याच्या दाण्याएवढा एक सेन्सर दडवला. मी फार तापले की तो ड्राइव्हला कळवणार आणि ड्राइव्ह मला थांबवणार. मित्रांनो, मला तोंड नाही. तो दाणा हीच माझी वाचा.

सगळे खूश होते. मीही होते, पण महिनाभरच. हळू फेऱ्यांची सगळ्यांना गोडी लागली आणि मला ताप येऊ लागला. भरलेली घागर सावकाश उचलली म्हणून हलकी होत नाही, तसं चाक हळू फिरवलं तरी त्याचं ओझं तेवढंच. कष्ट तेच, गरमी तीच, आणि शेपटीचा पंखा मात्र आता पेंगत फिरायचा. त्यात माझा मानसन्मान आड आला. आमच्याकडे पद्धत आहे, गाव कोणतंही असो, जत्रेचे मानकरी पाळण्याचा नारळ फोडतात आणि मालकाला टॉवेल-टोपी देतात. रंभाजी टोपी स्वतः घालायचे आणि टॉवेल मला बांधायचे. म्हणायचे, "कष्ट हिचे, मान हिचा." भागिरथीबाईंनी ती रीत जिवापाड जपली. हंगाम संपेपर्यंत मान उतरवायचा नाही, असा त्यांचा नेम. गावामागून गाव जायचं आणि माझ्या अंगावर टॉवेलावर टॉवेल चढायचा. चैत्राच्या उन्हात मी गोधडी पांघरल्यासारखी बसलेली असायची आणि बघणारे म्हणायचे, "काय थाट हाय मोटरीचा!"

राजूरला डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरचे लोक बाजाराला आले होते. भागिरथीबाई घरी होत्या, कारण भारती नुकतीच बाळंत झाली होती. सचिन एकटाच पाळणा चालवत होता. दुपारी मी इतकी तापले की सेन्सरने हाक दिली आणि ड्राइव्हने मला थांबवलं. नेमकी एक शाळकरी मुलगी सगळ्यांत वरच्या बैठकीत होती. वारा सुटला, बैठक डुलायला लागली, पोर भोकाड पसरून रडायला लागली. ब्रेक सोडून चाक हाताने खाली आणता येतं, पण भार एका अंगाला असेल तर ते सुसाट सुटतं, म्हणून सचिनची छाती झाली नाही. मी गार होईपर्यंत ती पोर वरच होती. खाली आल्यावर तिच्या वडिलांनी सचिनला नको नको ते सुनावलं.

त्या संध्याकाळी त्याने काय केलं, ते ऐका. त्याने सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकल्या. आता मी कितीही तापले तरी ड्राइव्हला सगळं आलबेलच दिसणार होतं. सचिन दुष्ट नाही, मित्रांनो. पुन्हा कुणाचं लेकरू वर अडकू नये, म्हणूनच त्याने हे केलं. पण माझी दशा तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी झाली. पोटात तांबं करपतंय आणि बाहेर पाळणा गोल गोल फिरतोय. मी जळून गेले असते तर एक लेकरू कसलं, बाराही बैठका अधांतरी राहिल्या असत्या. ही भीती घेऊन मी प्रत्येक फेरा ओढत होते.

मग आम्ही कोपरगावच्या अलीकडे, गोदावरीच्या काठच्या एका गावी आलो. तिथल्या देवीच्या जत्रेत शेवटच्या दिवशी लेकुरवाळा फेरा असतो. वर्षभरात ज्यांना मूल झालं त्या आया तान्ह्यांना घेऊन पाळण्यात बसतात. एकेक बैठक सगळ्यांत वर नेऊन थांबवायची, आईने लेकराला देवळाचा कळस दाखवायचा, मग पुढची बैठक वर न्यायची. सगळं अगदी मुंगीच्या पावलाने. यंदा त्यात आमची भारतीही बसणार होती, तिच्या तान्ह्या लेकीला, संस्कृतीला, घेऊन. इथेच खरी भीती होती. मला सगळ्यांत जास्त ताप मुंगीच्या पावलानेच येत होता.

त्या दिवशी सकाळीच भागिरथीबाईंना वास आला. त्या नाक वर करून म्हणाल्या, "सचिनराव, डाळ करपल्यावानी वास येतुया. बघा बरं."

सचिनने माझ्या अंगावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. "मामी, लई तापलीय ही," तो घाबरून म्हणाला.

मग सुरू झाली आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत. सचिनने बेअरिंगमध्ये ग्रीस कोंबलं. पट्टा सैल केला, परत आवळला. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, ओलं गोणपाट टाका. गोणपाट आलं! माझ्या पोटात वीज खेळतेय आणि वरून पाण्याची धार. नशीब, भागिरथीबाईंनी ते ओढून फेकलं.

"इजेवर पानी वतता व्हय रं? क्रिस्टीनाला फोन लावा," त्या म्हणाल्या. "आज माझी पोर बसायची हाय वर, आन् अकरा जनींच्या पोरी बसायच्या हायेत. मोटर बरी झाल्याबिगर फेरा व्हनार न्हाई."

क्रिस्टीना दुपारी स्कूटीवरून आली. तिने चिमट्यासारखा मीटर माझ्या तिन्ही तारांना लावून पाहिला. तिन्हींत वीज सारखी होती आणि माझ्या पाटीवर लिहिलेल्या आकड्याच्या आतच. बेअरिंगला कान लावला, आवाज साफ होता. ती बुचकळ्यात पडली. "मावशी, हिच्यात काही बिघाड नाही. मग ही तापते कशाने? आणि तापली तर ड्राइव्हने थांबवलं का नाही?"

सचिन एव्हाना चुळबुळ करायला लागला होता. शेवटी त्याने डब्याचं झाकण उघडून जोडलेल्या तारा दाखवल्या. "मॅडम, म्या बांधल्यात," तो म्हणाला. "राजूरला एक पोरगी वर अडाकली हुती. तिचं रडनं अजून कानातनं जात न्हाई. परत तसं व्हाया नको म्हनून..."

मला वाटलं, आता याची खरडपट्टी निघणार. क्रिस्टीना रागावली नाही. तिने विचारलं, "ही केव्हा तापते? भरल्यावर, की रिकामी असतानाही?"

सचिनने डोकं खाजवलं. "जोरात चालवली की एवढी न्हाई तापत. हळू चालवली की मंग तापती." बोलता बोलता तो स्वतःच थबकला. "उलटंच हाय की हे!"

क्रिस्टीनाने तिकिटाचा एक कागद घेतला, माझ्या शेपटीवरचे टॉवेल बाजूला सारले आणि सचिनला म्हणाली, "जोरात कर." मी धावले. कागद पंख्याच्या जाळीला चिकटून बसला, कारण पंखा वारा आत ओढत होता. "आता हळू." मी मंदावले आणि कागद गळून खाली पडला.

"हिचा श्वासच बंद होतोय," क्रिस्टीना म्हणाली. "हळू चाललं की पंख्याला वारा नाही, आणि जो आहे तो या टॉवेलांनी अडवलाय. ड्राइव्ह बसवला तेव्हा मी हिला हिसक्यातून सोडवलं, पण पंख्याचं माझ्याही ध्यानात आलं नाही."

भागिरथीबाईंनी टॉवेलांना हात लावला. नवऱ्याची रीत होती ती. मग त्यांनी एकेक गाठ सोडली, टॉवेल घडी करून छातीशी धरले आणि मला म्हणाल्या, "मान म्हनून बांधलं गं बाई. तुला उकडत आसंल हे कळलंच न्हाई." माझ्या उघड्या अंगाला किती दिवसांनी वारा लागला! मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

शेजारच्या रसवंतीवाल्या कल्याणने आपला टेबलफॅन दिला. क्रिस्टीनाने तो माझ्या शेपटीमागे ठेवला, म्हणजे मी हळू चालले तरी तो जोरात चालणार. "हंगाम संपला की हिला स्वतंत्र मोटरीचा पंखा बसवू," ती म्हणाली. जोडलेल्या तारा तिने सोडवल्या. पण सचिनच्या भीतीतही तथ्य होतं, हे तिने मान्य केलं. म्हणून तिने अशी जोडणी केली की सेन्सरची हाक आली तर आधी खांबावरचा लाल दिवा लागेल. माणसं उतरवायला उसंत मिळेल, आणि तरीही कुणी दुर्लक्ष केलं तरच ड्राइव्ह मला थांबवेल. दोन हळू फेऱ्या चालवून पाहिल्या. माझं अंग कोमटच राहिलं. घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला पोचायचं म्हणून क्रिस्टीना निघाली, आणि जाताना सचिनला बजावून गेली, "दिवा लागला तर वाद घालायचा नाही."

ऊन उतरलं. बारा आया बसल्या. समोरासमोरच्या बैठका जोडीने भरत चाकाचा तोल सांभाळून भागिरथीबाईंनी सगळ्यांना बसवलं. बँड वाजू लागला, गुलाल उधळला गेला. मी हळूहळू पहिली बैठक वर नेली, थांबले. आईने लेकराला कळस दाखवला. दुसरी नेली, थांबले. तिसरी, चौथी. पाठीमागून टेबलफॅनचा गार झोत येत होता. म्हटलं, आज सुटले बाई मी.

आणि झोत थांबला.

झालं असं, की जत्रा कमिटीच्या एका गृहस्थांना भाषण करायचं होतं. माईकला बोर्डात जागा मिळेना. त्यांनी टेबलफॅनची पिन काढली आणि माईकची घातली. त्यांना काय कल्पना! ते "माता-भगिनींनो" म्हणू लागले आणि इकडे माझं अंग तापायला लागलं. मुंगीचं पाऊल, थांबणं, पुन्हा ओझं उचलणं. एकेका थांब्यागणिक मी भाजत होते. बोलणाऱ्याची अंबाडी विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत, ही म्हण मला त्या वेळी पुरती पटली. आता सगळी भिस्त त्या मिऱ्याएवढ्या दाण्यावर होती. भारती अजून वर पोचायची होती.

लाल दिवा लागला.

सचिनने तो पाहिला. त्याचा हात बटणावर होता. निम्म्या आयांना अजून कळस दिसला नव्हता, त्याच्या स्वतःच्या बायकोलाही नाही. लोक ओरडत होते, "आरं, फिरीव की! थांबला का?" कुणी म्हणालं, अर्धवट फेरा अशुभ असतो. मला राजूरची संध्याकाळ आठवली आणि मी मनात हात जोडले. मग त्याने बटण शून्यावर आणलं आणि गर्दीपेक्षा मोठ्या आवाजात ओरडला, "मामी, दिवा लागलाय! म्या थांबिवली!"

भागिरथीबाईंनी ब्रेक आवळला आणि वर पाहिलं. वरच्या बायकांत कुजबुज सुरू झाली होती, एक तान्हं रडत होतं. गर्दीतली एक म्हातारी कळवळून म्हणाली, "भागिरथे, ऱ्हायलेल्यांचा कळस गं?"

भागिरथीबाईंनी समोरासमोरच्या बैठकांवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "खालची उतरती तवा तिच्या समूरची वरच असती की! उतरवता उतरवता सगळ्यांस्नी कळस दिसंल. मोटरीला हात लावायचा न्हाई. लेकरांचे बाप कुठं हायेत? मोबाईल खिशात घाला आन् या हिकडं!"

बाप आले. इतका वेळ ते फोटो काढत होते. सचिनने त्यांना चाकाच्या दोन्ही बाजूंना उभं केलं आणि स्वतः सर्वांत पुढे राहिला. भागिरथीबाईंनी ब्रेक सावकाश ढिला केला. बापांनी चाक हाताने ओढलं. एक आई खाली उतरली, तेव्हा तिच्या समोरची वर होती आणि लेकराला कळस दाखवत होती. मग अर्धं चाक फिरवून तिला खाली घेतलं. अशी जोडीमागून जोडी. पट्टा जोडलेलाच होता, त्यामुळे मीही फिरत होते. पण ओढत नव्हते. आयुष्यभर मी माणसांना फिरवलं, त्या संध्याकाळी माणसं मला फिरवत होती. अंगातली आग हळूहळू उतरत गेली.

शेवटी एकटी भारती वर राहिली. आता बाकीचं चाक रिकामं होतं, सगळा भार तिच्या एकटीच्या अंगाला. ब्रेक सोडताच चाक एका अंगाला ओढ घेणार, हे सचिनला ठाऊक होतं. राजूरला याच भीतीने त्याचे हात गळाले होते. या वेळी त्याने चाकाची कड छातीशी घट्ट धरली. बाकीच्या बापांनी मागून ताण दिला. "सोडा, मामी," तो म्हणाला, "म्या धरलंय." भागिरथीबाईंनी दांडा बोटभर, मग आणखी बोटभर सोडला. भारतीने संस्कृतीला उचलून कळस दाखवला, पोर गाढ झोपेत होती, आणि मग ती बैठक वीतवीत करत जमिनीला टेकली. माईकवरचं भाषण केव्हा थांबलं, ते कुणालाच कळलं नाही.

सचिनने आधी लेकीला कुशीत घेतलं, बायकोला हात दिला, आणि मग माझ्याजवळ येऊन टेबलफॅनची पिन परत बोर्डात घातली. भागिरथीबाई माझ्यापाशी टेकल्या. त्यांनी तळहात माझ्या अंगावर ठेवून ताप उतरला का ते पाहिलं.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला हळू चालवायचं असेल तर माझ्या वाऱ्याची सोय करा. माझ्यावर माया असेल तर मला झाकू नका, पुसून मोकळं ठेवा. आणि जो तापलाय असं सांगतो, मग ती मोटर असो की घरातलं माणूस, त्याची कुरकुर नको म्हणून त्याचं तोंड बांधू नका. मी थांबले तर रागवा खुशाल, पण आधी का थांबले ते विचारा. त्या संध्याकाळी माझी हाक आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ऐकली. म्हणून बारा लेकरं आपापल्या बापांच्या खांद्यावर घरी गेली.